दहा ते एक

वादी कबीरला, टायरच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर
दर शुक्रवारी दुपारी आम्ही बारा जण
अंतर्मन शिकतो.
फी एकशे ऐंशी रियाल, तीन हप्त्यांत.
खालचा कॉम्प्रेसर मधूनच सुटतो,
तेव्हा तळावलीकर मॅडम म्हणतात,
"हा आवाज तुम्हाला आणखी खोल नेतो आहे."
आणि खरंच नेतो. निदान केरळच्या शायजाला तरी.
ती हॉस्पिटलची रात्रपाळी करून थेट येते,
सातव्या पायरीला घोरायला लागते.

मी बरक्याला समुद्राचं पाणी गोडं करतो.
चौदा वर्षं.
ओळख करून देताना हे सांगितलं तर मॅडम खूश:
"म्हणजे तुम्ही आधीपासून हेच करता!
खारं आत, गोडं बाहेर."
टाळ्या झाल्या. मी गप्प बसलो.
मीठ कुठे जात नाही, मॅडम.
दुप्पट खारट करून, एका पाइपातून,
किनाऱ्यापासून अकराशे मीटरवर
परत समुद्रातच सोडतो आम्ही.

सरावाला मला रज्जाक पारकर मिळाला,
दाभोळकडचा, बंदरावर क्लिअरिंगचं काम बघतो.
पुस्तिकेत लिहिलंय, समोरच्याला समुद्रकिनारी न्या,
मऊ वाळू, मंद लाटा, सुरक्षित जागा.
मी नेलं.
"इथं नको रे," तो डोळे मिटूनच म्हणाला,
"इथं मी रोज असतो."
मग तूच सांग, कुठे?
बराच वेळ गेला. पापण्यांखाली बुबुळं फिरत होती.
मग हळूच हसला.
विमानतळ. वजनकाट्यावर बॅग.
बरोब्बर तीस किलो. ग्रॅमभर जास्ती नाही.
काउंटरवरची मुलगी पासपोर्ट मागतेय, तो देतोय.
मी पुस्तिका मिटली
आणि त्याला तिथेच उभं राहू दिलं,
रांग पुढे न सरकवता.
मॅडमनी मार्क कापले. स्क्रिप्ट सोडली म्हणून.

आठव्या शुक्रवारी माझी पाळी.
शिकणाऱ्यानं स्वतःही उतरायचं असतं, एकदा तरी.
दहा. नऊ.
सहाला कॉम्प्रेसर.
चारला खांदे सुटले, जीभ जड झाली.
तीनला विचारलं, काय दिसतंय?

मला वाटलं होतं, आता बाबा दिसतील.
सगळ्यांना कोणी ना कोणी दिसतं. शायजाला गाय दिसली होती.
मला आकडा दिसला.
चारशे बारा.
हिरव्या पडद्यावर, दोन नंबरच्या युनिटला,
पहाटे तीन वाजता.
फोन आला तेव्हा मी वही भरत होतो.
धाकट्यानं एकच वाक्य सांगितलं
आणि मी "बरं" म्हणालो.
खरंच. "बरं" म्हणालो,
चारशे बारा लिहिलं, खाली सही केली.
सहा वाजेपर्यंत दर अर्ध्या तासाला आणखी सहा नोंदी.
त्यातली एकही आठवत नाही.

"काय दिसतंय?" मॅडमनी परत विचारलं.
"पाणी," म्हणालो.
"छान," त्या म्हणाल्या, "पाणी फार शुभ."

मग एक ते पाच. हातपाय हलवा. डोळे उघडा.
पांढरी ट्यूब, शायजाचा डबा,
माझ्याकडे बघणारा रज्जाक.
त्यानं कागदी कप पुढे केला. सुलेमानी, साखर जास्त.
पुस्तिकेप्रमाणे त्यानं विचारायला हवं होतं
की आता कसं वाटतंय.
नाही विचारलं.

प्रमाणपत्र पुढच्या महिन्यात. माझ्या नावात एक अक्षर चुकलंय,
बदलायचं तर पाच रियाल.

आज रात्री दोन नंबरचं युनिट तीनशे नव्वदवर आहे.
वहीत शेवटचा रकाना शेऱ्याचा.
चौदा वर्षं तिथे मी "नॉर्मल" लिहीत आलो.
पेन थोडा वेळ थांबलं.
बाहेर पंप चालू होते.
मग लिहिलं, "नॉर्मल."
अक्षर जरा मोठं आलं.