केसभर फट

आग विझवणारा माणूस
माझ्याकडे जळायला येतो,
दीड महिन्यातून एकदा, सकाळी पावणेआठला,
रात्रपाळीवरून तसाच.
जॅकेटला सव्हाना शहरातल्या
कुणाच्या तरी स्वयंपाकघराचा धूर.

थॅडियस ग्रूव्हर.
धुरात शिरायचं तर मास्क घट्ट बसायला हवा,
केसभरही फट चालत नाही,
म्हणून रोज दाढी.
आणि रोज दाढी केली की
तासलेल्या टोकाचा कुरळा केस
बाहेरचं जग न बघताच वळतो,
पुन्हा कातडीत घुसतो.
केसानं गळा कापणं म्हणतात ते हे असं :
जबड्याखाली त्रेचाळीस गाठी,
काही पिकलेल्या,
काही नुसत्याच ठसठसणाऱ्या.

"बापाचंही हेच," तो सांगतो.
"पावडर कालवायचा, सडक्या अंड्यांच्या वासाची,
तोंडभर थापायचा,
आणि लोण्याच्या सुरीनं खरवडून काढायचा.
आम्ही भावंडं दाराबाहेर नाक दाबून हसायचो.
रविवारी चर्चमध्ये त्याची कॉलर वर."
पुढचं तो सांगत नाही.
मी त्याच्या डोळ्यांवर काळा चष्मा चढवते.

जुन्या मशीनला आम्ही कळत नव्हतो.
केस काळा, कातडीही काळी,
ते दोन्ही भाजायचं.
माझ्या मावशीच्या हनुवटीवर अजून आहे
नाण्याएवढा फिकट डाग.
हे नवं वरचं सोडून मुळाशी जातं.
तरी पहिल्या वेळी मी
कानामागे एकच ठिपका दिला होता
आणि दोन आठवडे नीट झोपले नव्हते.

टक्.
टक्.
रबर ताणून सोडल्यासारखं.
जळक्या केसांचा वास उठतो
आणि मिटल्या डोळ्यांनीच त्याची मान
दरवाज्याकडे वळते.

पाचव्या खेपेला गाठी उरल्या चार.
आरशासमोर तो अंगठा फिरवत राहिला,
अंगठ्याला काही सापडेना.
"निवृत्त झाल्यावर दाढी वाढवणार होतो," म्हणाला,
"पांढरी. छातीपर्यंत. नदीवर मासे धरत बसायला."
इथंच थांबलो तर थोडी येईल, मी म्हटलं,
विरळ.

त्यावर तो बोलला नाही.
खिडकीशी गेला, पट्ट्या बोटानं वाकवल्या.
खाली त्याची गाडी, गाडीत त्याचा मुलगा,
सोळाचा.
ऑगस्टचा उकाडा,
आणि पोराच्या हूडीची चेन
हनुवटीपर्यंत ओढलेली.