कोरडा

सहा पट्टे होते पाण्यावर,
तिफणीनं काकऱ्या पाडाव्यात तसे सरळ,
लाल-पिवळ्या गोळ्यांनी आखलेले.
आमचा चौथा.

आठ जण पाठ फिरवून बसतात नावेत.
जिकडं जायचं तिकडं कुणाचंच तोंड नसतं.
झुंझुनूचा रणसिंग, कुट्टनाडचा जोसकुट्टी,
सहा फूट चार इंचांचा हरबीर,
सगळ्यांना दिसतं ते मागं पडलेलं तेवढं.
पुढचं एकट्या नवव्याला.
नववा मी.
भागिनाथ कचरू लिंबोरे, तालुका गंगापूर,
वजन त्रेपन्न किलो. पंचावन्न लागतं,
म्हणून पंचांनी दोन किलो वाळू तोलून
पिशवी दिली पायाशी ठेवायला.
वाळू बघून गोदाकाठ आठवला
असं म्हणणार होतो, पण खोटं आहे.
काहीच आठवलं नाही.
कानात रक्त वाजत होतं.

माझं काम ओरडायचं.
ते शिकलो माळ्यावर, हुरड्यात आलेल्या ज्वारीत.
गोफणीला हात पुरत नव्हता
म्हणून गळ्यानं पाखरं उठवायचो,
हाऽऽ हो, हाऽऽ हो,
पार तिसऱ्या बांधापर्यंत.

पंधराशे मीटरला आम्ही तिसरे.
मी म्हणालो, आता दहा, जीव खाऊन.
एक. दोन.
सातव्याला जोसकुट्टीचं वल्हं
जरा जास्त खोल गेलं. चिमटीएवढं.
नाव अडखळली, बैलाला ठेच लागते तशी,
आणि सावरली.
सेकंदाचे एकतीस शतांश.

जिंकणारे आपल्या नवव्याला उचलून पाण्यात फेकतात.
रीत आहे.
त्यांचा नववा हातपाय झाडत हवेतून गेला,
सगळा काठ हसला.
मी वाळूची पिशवी परत करायच्या रांगेत,
कोरडा.

गावाच्या फाट्यावर बॅनर नव्हता. बरं झालं.
दुसऱ्या दिवशी आप्पा म्हणाला, चल, जाळं काढू.
थर्माकोलचा चप्पू, वर युरियाचं पोतं,
वल्हं म्हणजे बाभळीच्या दांड्याला ठोकलेला
तेलाच्या डब्याचा पत्रा.
आप्पा पुढं तोंड करून वल्हवतो.

"कितवा आला?"
"चौथा."
"किती जणांत?"
"सहा."
"मंग दोघं मागं व्हते की."
बराच वेळ नुसता पत्र्याचा आवाज.
"आन् तू काय करतो त्यात?"
"ओरडतो."
"वल्हं न्हाई मारत?"
"नाही."
"पगार देतेत?"
"देतात."
सरकारचं काही कळत नाही
अशी मान हलवली त्यानं.

मग मी ती रीत सांगितली, फेकायची.
कशाला सांगितली कोण जाणे.

तेव्हा जुन्या गावावरून चाललो होतो.
खाली चावडी, खाली चिंच, खाली ती शाळा
जिथं आप्पा चौथीत होता
आणि धरणाचं पाणी आलं.

आप्पा थांबला.
उरलेली विडी पाण्यात टाकली.
"मोबाईल हाय का खिशात? दे इकडं."
दिला.
त्यानं तो टोपीत घातला, टोपी डोक्यावर,
आणि डाव्या गुडघ्याच्या एका दाबानं
माझ्याकडचा चप्पू खाली घातला.

नाकातोंडात पाणी, गाळाचा वास,
कसलं तरी शेवाळलेलं टोक
घोट्याला घासून गेलं.
वर आलो तर
चप्पू पंधरा हात लांब,
आप्पाचं तोंड दुसरीकडं.

"जाळं तिकडं हाय," म्हणाला.
"पवत ये.
वरडत राय, म्हंजी कळन
कुठवर आला ते."