मेषशिला

पारा त्रेचाळीसवर. डोक्यावर पत्रा तडतडतोय.
पलीकडच्या गल्लीतली मागांची खटखट
खडूच्या रेघेत शिरून रेघ थरथरवते,
आणि मी नापासांच्या उन्हाळी वर्गाला शिकवतेय
धडा आठवा : हिमनदीचे कार्य.

हिमगव्हर. शुककूट. लोंबती दरी.
बावीस वर्षं हे शब्द फळ्यावर लिहिले
आणि ओल्या फडक्यानं पुसले.
बर्फाचा डोंगर मी पाहिलेला नाही.
साधा डोंगरही क्वचितच. सोलापुरात
उंची म्हणजे बंद गिरणीची चिमणी,
बाकी सपाट, काळं, भेगाळलेलं.

अंबादास येमूलचा बाप बर्फाच्या कारखान्यात.
त्यानं सायकलच्या कॅरिअरवर अर्धी लादी आणली,
बारदानात, भुशासकट, रस्ताभर गळत.
खाली गिट्टी आणि वाळू पसरली,
चौघांनी जोर लावून लादी ढकलली शहाबादी फरशीवर.
ओरखडे उठले. पाच. समांतर.
"बघा, बर्फ कसा खडक घासतो," मी म्हटलं.
अंबादास म्हणाला, "बर्फ नाय ओ मॅडम,
खडे घासतेत. बर्फ निस्तं धरून ठेवतंय."

उरलेले तुकडे पोरांनी चोखले, वाळूसकट.
मी बघितलं नाही असं केलं.

मग मेषशिलेची आकृती काढली.
हिमनदी वरून जाते तेव्हा
खडकाची एक बाजू गुळगुळीत होते, दुसरी तुटते,
लांबून वाटतं, मेंढी बसलीय.

शेवटच्या बाकावरून बिरा कोळेकरनं हात वर केला.
वर्षभरात पहिल्यांदा.
"कुणीकडं तोंड करून बसल्यात?"
वर्ग हसला. मीही हसले.
"दगड आहेत रे. दगडाला कसलं तोंड?"
तो खाली बसला. बाकाला सांगितल्यासारखं म्हणाला,
"वारं जिकडनं येतंय
तिकडं पाठ करतेत मेंढरं."

सात वर्षांनी एका जाड पुस्तकात वाचलं
(प्रशिक्षणाला गेले होते, दुपार रिकामी होती) :
गुळगुळीत पाठ, जिकडून बर्फ आला तिकडे.
तुटकी कड, तो जिकडे गेला तिकडे.
हजारो वर्षांपूर्वी वितळून गेलेली नदी
कुठून कुठे वाहत होती,
ते दगड कसे बसलेत यावरून ओळखतात.

बिरा तेव्हाच सुटला होता शाळेतून.
दुसऱ्यांदा नापास. भूगोलात.
पेपर मीच तपासला होता.
होटगीच्या रस्त्यावर एका धनगराला विचारलं,
तो म्हणाला, कळप घेऊन गेला विजापूरकडं,
पाऊस पडला तर येईल. नाय पडला तर नाय.

आता मेषशिला काढताना आधी बाण काढते.
कुणी विचारत नाही, बाण कशाला.

फरशी तीच आहे.
पाच ओरखडे, दारापासून फळ्यापर्यंत.
झाडणाऱ्या मावशी दर सोमवारी कुरकुरतात,
कुणीतरी बाक ओढलाय म्हणून.