एकच टण

ब्रिकामाच्या बाजारामागे माझं सायकलचं दुकान.
पंक्चर, चेन, ब्रेक. आणि घंट्या.
घंट्या मी कानाशी वाजवून विकतो,
फुटक्या आवाजाची परत डब्यात.

आमच्या गांबियात मत म्हणजे गोटी.
पत्र्याच्या पिंपाला नळी, नळीतून ती आत सोडायची,
आत घंटी. टण.
दोनदा वाजली तर साहेब ताडकन उभा.
त्या दिवशी जवळपास सायकल न्यायची नाही,
म्हणून पाच वर्षांतून एकदा मी दुकान लावून
मस्त झोपतो. कोण जातंय उन्हात.

धुळीचे वारे सुटले तेव्हा न्यीमा सुसो आली.
पाठीवर कोरा, भोपळ्याच्या पोटाचा, एकवीस तारांचा.
तिचे आजोबा भाट,
सरदारांची बिरुदं गायची, तांदळाचं पोतं न्यायचं.
"काका, एक घंटी द्या. चांगली."
"सायकल कुठाय?"
"सायकल नाही. गाणं आहे."

रात्री फुटबॉलच्या मैदानात ती आणि तिचा टिजान.
त्याच्या तोंडाला लगाम नाही:
सातला जाणारी वीज, साहेबाच्या भाच्याची नोकरी,
दवाखाना, ज्याला फक्त पाटी आहे.
प्रत्येक कडव्यानंतर शांतता,
मग माझी घंटी, एकदाच.
पोरं ओरडली, पुन्हा! पुन्हा!
न्यीमाने मान हलवली.
"पुढची तुमच्या हाताने."

मंगळवारी तिला नेलं. दोन रात्री.
मी शटर अर्धं ओढून बसलो, कुणी विचारलं तर
मी फक्त घंटी विकली होती.

सुटून आली तेव्हा कोऱ्याच्या तीन तारा कापलेल्या.
अठरा तारांवर तेच गाणं,
आणि जिथे तार नव्हती
तिथे मैदान गायलं.

माझ्या बहिणीचा सान्ना तिथेच होता.
तो मागच्या वाटेने निघणार होता,
आधी वाळवंट, मग होडी.
पैसे माझ्याच डब्यात, फुटक्या घंट्यांच्या खाली.
घरी येऊन म्हणाला,
"मामा, शनिवारपर्यंत थांबतो."
शनिवारी मतदान.
रविवारचं त्याने काही सांगितलं नाही,
मीही विचारलं नाही.

रांगेत तो माझ्या पुढे.
हो, मीसुद्धा. झोप लागली नाही.
तो पडद्याआड गेला.
माझी चाळीस वर्षं घंट्यांत गेली,
त्या आवाजाला नाव नव्हतं, कूळ नव्हतं,
कुठल्या पिंपातून आला तेही कळेना,
एवढंच कळलं
की फुटका नव्हता.

मग माझ्या तळहातावर गोटी ठेवली,
थंड, काचेची. घामाने लगेच निसटायला लागली.
लहानपणी मी गोट्यांत रोज हरायचो,
खिसा रिकामा करून घरी.
मी नळीवर वाकलो, एक डोळा मिटला.

बाहेरून बाई म्हणाल्या,
"आजोबा, नेम कसला धरताय?
नुसती सोडा."