जीभ

रेसकोर्समागच्या पागेत, पहाटे साडेचारला,
डॉक्टर आरमैतीबाई घोडीची जीभ बाहेर ओढतात
टॉर्चच्या उजेडात.
फिकी, म्हणाल्या. कडेला जांभळट.
चिनी पुस्तकाप्रमाणे
फुफ्फुसातला वारा थकलाय हिच्या.

सहा आठवड्यांचा खोकला. सुया, बिलं, परत खोकला.
मालक गिऱ्हाईक बघत होता.

पुडी उघडली. अक्षरं मुंग्यांसारखी, मोतद्दाराला काय कळणार.
पण वास आला तसं म्हटलं,
बाई, हा तर ज्येष्ठमध!
बोहरी आळीत गोणीनं मिळतो.
हसल्या. बाकीची नावं चिटोऱ्यावर लिहून दिली.

गुळात कालवून तळहात पुढे धरला.
तिनं आधी गूळ चाटला,
मग मनगट,
उरलेलं माझ्या सदऱ्यावर शिंकरलं.

खोकते अजून.
आज मात्र खोकून झाल्यावर
रिकाम्या घमेल्याला
लाथ घातली.