तिसऱ्या मंगळवारच्या आदल्या दिवशी

यिके, खूर धर. असा नाही, मांडीत घे,
त्याचं वजन त्यालाच पेलू दे.
हा क्निलिस. फ्रीसलंडचा, नऊ वर्षांचा, डांबरासारखा काळा.
उद्या हेगच्या रस्त्यांवरून
राजाच्या बग्गीमागे चालणार आहे,
आणि आज त्याला न दचकण्याची तालीम.

बघ, वाळूत धुराचे डबे पेटवतायत.
आता कानाशी बँड, मग बंदुका,
मग शाळेची पोरं सांगितल्याबरहुकूम किंचाळतील.
यानं कान हलवायचे. पाय नाही.

राजवाड्यातही आज हेच चाललं असेल.
मेजावर भाषणाचे कागद.
एकेका खात्यानं आपापलं वाक्य घुसवलेलं:
बंधारे, गोठ्यांतला नायट्रोजन, न मिळणारी घरं,
तोटा किती नि कर किती.
उद्या तो म्हणेल, सरकार हे करील, सरकार ते करील.
त्यातलं एकही क्रियापद त्याचं नाही.

राजा बोले, दळ हाले, असं म्हणायचे पूर्वी.
आमच्याकडे दळ आधी भांडतं,
पंधरा पक्ष, कुणालाच बहुमत नाही,
महिनोन्‌महिने गार कॉफी आणि बंद खोल्या,
मग एकदाची तडजोड,
आणि मग राजाचे ओठ हलतात.

नाही पटलं तर?
सोमवारी पंतप्रधान जातो त्याच्याकडे.
दार लागतं. आत काय बोलतात
ते ना बाहेर येतं, ना कुणी विचारतं.
आजही सोमवारच.
बाहेर आल्यावर कागदावर दोन सह्या हव्यात:
एक राजाची. दुसरी मंत्र्याची.
दुसरी नसेल तर पहिली नुसती शाई.

कानस दे. घटनेत सरळ लिहिलंय,
राजाला बोल लागत नाही, जबाबदार मंत्री.
घोड्यानं लाथ मारली तर भरपाई कोण देतं?
'म्हणजे राजा घोडा?'
यिके, खूर धर.

खिळा मेलेल्या भागातून गेला पाहिजे.
जिवंत कुठे सुरू होतं
ते डोळ्यांना दिसत नाही, हाताला कळतं.
एक केस आत, की घोडा लंगडा.
घटना लिहिणाऱ्यांचे हातही
असेच काहीसे असावेत. मी पाहिले नाहीत.

तुला मार्चमध्ये अठरा पूर्ण झाली ना?
मतपत्रिका चादरीएवढी असते, घडी मोडता मोडत नाही.
दोरीला बांधलेली लाल पेन्सिल,
एक गोल रंगवायचा, बस.
राजाला कायद्याची मनाई नाही, पण तो नाही रंगवत.
त्याच्याकडे काचेची बग्गी आहे,
तुझ्याकडे ती पेन्सिल.
बग्गी भाड्यानंही मिळते.

क्निलिस बंदुकांना हलला नाही.
धुरातून चालत आला, जणू सकाळचं धुकं.
पोरांनी घसे बसवले, तरी नाही.
आणि मग कुणाची तरी चिप्सची रिकामी पिशवी
वाऱ्यावर भिरभिरत आली, तर उधळला गडी,
स्वारासकट पाण्यात गुडघाभर.
त्या पिशवीची तालीम कुणी घेतलीच नव्हती.

मंगळवारी भट्टीत रेडिओ लावला होता.
तोच संथ आवाज, काठ न सोडणारा.
तोटा, कर, बंधारे,
आणि मग घरांपाशी येऊन
तो थांबला.
श्वास घेतला असेल. पान चिकटलं असेल.
लोखंड लाल व्हायला लागतो त्याच्याही आत
पुढचं वाक्य सुरू झालं.

'दचकला?' यिकेनं विचारलं.
म्हटलं, दचकला असेल तर
त्याचंही उत्तर मंत्रीच देईल.
ती हसली नाही. रेडिओकडे बघत राहिली.
तिची आई तिला घेऊन
तीन वर्षं मावशीच्या माळ्यावर राहते,
हे मला ठाऊक होतं आणि मी विसरलो होतो.

चिमट्यातला नाल तोवर काळा पडला होता.
पुन्हा भट्टीत घातला.