मूठ

शिरोलीच्या फाउंड्रीत बत्तीस वर्षं
यांनी वाळूची मूठ वळली.
दाबायची, उघडायची, मधोमध मोडायची.
कड स्वच्छ तुटली की वाळू तयार,
भुगा झाला की पाणी कमी,
बोटांना चिकटली की त्या दिवशी साच्यात फोड.

आता फुलेवाडीत आमच्या मागच्या दारी
गोडेतेलाचे अकरा डबे आहेत
आणि माती तीच परीक्षा देते.
शेणखत, पालापाचोळा,
बीडशेडच्या चुलत दिराच्या गुऱ्हाळातली मळी
कालवून हे मूठ वळतात,
अंगठ्यानं मोडतात,
नापास डबा पुन्हा फरशीवर पालथा.
मी म्हणते, अवो, टोमॅटो लावायचाय,
पंपाचं केसिंग नाही ओतायचं.

रोपं कुणी आणली नव्हती.
सुमेधाच्या डोहाळजेवणाची कोशिंबीर उरली,
ताटं मागं विसळली,
आणि मोरीच्या पाइपाशी ती उगवली, न विचारता.
मी उपटणार होते.
हे म्हणाले, ऱ्हाऊ दे, आल्यात तर आल्यात.

बांधायला माझी जुनी पातळं फाडली.
त्यात अबोली काठाचंही.
दोन दिवस आम्ही बोललो नाही.
तिसऱ्या सकाळी त्याच काठावर
पिवळ्या फुलांचा घोस मान टाकून बसलेला,
आता याच्याशी काय भांडायचं?

पिलं खुडायचं काम माझं.
पान आणि खोडाच्या बेचक्यात फुटतात ती पिलं.
बोटं हिरवी, मग काळी होतात,
दोनदा साबण लावला तरी
वास भाकरीच्या पिठापर्यंत येतो.
एकदा हात पुढं केला, म्हटलं, बघा की वास.
यांनी माझी बोटं नाकाशी धरली,
बराच वेळ धरली,
आणि म्हणाले, हं.

त्या 'हं'वरनं मला कळलं.
भट्टीचा धूर, कोळशाची पूड, कोअर शॉपमधलं ते रसायन,
कधी गेलं असेल नाक, कोणत्या साली,
यांनाही सांगता येईना.
मी मात्र मागं मागं मोजत गेले
लागलेलं दूध, करपलेली आमटी,
एवढ्या वर्षांत एकदाही नाव ठेवलं नाही
आणि मी त्याला माया समजत होते.
असेल, मायाही असेल.

पहिलं फळ बुलबुलानं फोडलं.
दुसरं आम्ही उभ्या उभ्या खाल्लं,
पायरीवर, सुरी न घेता.
यांनी आधी मुठीत धरून जोखलं
(सवय)
मग मोडलं.
बिया मनगटावरनं कोपरापर्यंत गेल्या.
मी मीठ आणायला वळले तोवर
यांचा डोळा बारीक झालेला, दाढेत पाणी आलेलं,
'आंबाट हाय की गं!'
पगारवाढ झाल्यासारखे म्हणाले.
जीभ शाबूत होती. तेवढी होती.

मग पंधरा दिवस नुसता पूर.
कपिलतीर्थावर दहा रुपयाला किलो
आणि आमच्याकडं बादलीभर.
सार, भरीत, हिरव्यांची तीळ घालून चटणी.
शेजारच्या शमशाद मुजावरांना डबा दिला,
त्यांचा डबा खिम्यासकट परत आला
आणि वर निरोप, अजून आहेत का?

संध्याकाळी मी पाणी घालते, हे डब्यांपाशी पाटावर बसतात.
पेपर वाचून दाखवावा तसा
मी यांना वास वाचून दाखवते.
काल सांगितलं, चिंचेनं घासलेल्या पितळेचा.
परवा, पोराच्या ओल्या टाळूचा,
आणि पुढं माझ्यानं बोलवेना.

'आज कसला?'
आज? आज घुशीनं दोन डबे उकरलेत, त्याचा.
हे उठले,
सांडलेल्या मातीची मूठ घेतली,
दाबली,
आणि मोडायच्या आधी माझ्याकडं बघितलं.